मेढीवरचं लिंबू

चौसष्ट साल असावं — की त्रेसष्ट? थांबा, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका, हल्ली सकाळची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही मला. चौसष्टच. विंझरचा बालवाडीचा हॉल चौसष्टच्या मे महिन्यात झाला, लिहा. आणि तुमच्या हातातला फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा — बरोबर, त्यात मधे खांब नाही. आता आहे. लाकडी, हळदीकुंकवानं माखलेला. काल पाहिलात ना? विद्रूप दिसतो म्हणता? दिसतो खरा. तुमच्या पुस्तकात हॉल मूळचा होता तसाच दिसायला हवा, म्हणून कुंडलिक सुताराला सांगून आलात, खांब काढ म्हणून. कधी येतो म्हणाला? आजच? अकराला. आत्ता नऊ वाजलेत. चहा घ्या ना. वेळ आहे.

हसू नका, पण तेव्हा मला वाटायचं की छपरावरून देश कळतो. साहेबाच्या कमानी गेल्या, भोरचं संस्थान गेलं, मग नव्या मुलांनी जुन्या तुळयांखाली का बसावं? मी परदेशात वास्तुरचना शिकून आलो होतो. कागदाला घड्या घालाव्यात तसं काँक्रीटचं छप्पर — चाळीस फूट, मधे एकही खांब नाही, कुणाचा टेकू नाही. हे वाक्य मी उद्घाटनाच्या भाषणात म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. मासिकात फोटो आला, दोन ठिकाणी व्याख्यानं झाली — तुम्ही आज इथं बसलात तेही त्या फोटोमुळेच, नाही का?

पण गावातल्या बायका मुलांना आत बसवेनात. मुहूर्ताची मेढ न रोवता घर उभं केलंत, म्हणाल्या. मी चिडलो. मग कोंडिबा — आमचा गवंडी, फार थंड डोक्याचा माणूस — म्हणाला, "साहेब, मेढ रोवू द्या की. तुमच्या छपराला नख लावायचं न्हाई तिनं." तेव्हा मी अट घातली. मेढ मधे उभी करा, पण वर तीन बोटं फट ठेवा. का? कारण त्या छपराला मधे आधार धरलेलाच नव्हता. खालून काही टेकलं तर वरच्या अंगाला तडा जाईल, तिथं सळई कमी — गणित सांगत नाही, पण ते बरोबर होतं. तेवढं तरी बरोबर होतं. कोंडिबा हसला. "छपराला टेकत न्हाई ती मेढ कसली ओ? पावनी म्हणा तिला." मीही हसलो.

तर त्या फटीत बायका दर दसऱ्याला लिंबू ठेवायच्या. साळूबाई, मुलं सांभाळते ती — काल तिनंच तुम्हाला पाणी दिलं असेल — ती स्टुलावर चढायची आणि मेढीच्या डोक्यावर लिंबू ठेवायची. चार-पाच वर्षांनी मी सहज गेलो होतो, तर म्हणाली, "साहेब, आता लिंबू बसत न्हाई. सुपारी ठेवतो आमी." मी म्हटलं, बरं. नंतर एकदा भोरच्या बाजारात भेटली. "सुपारी बी अडती ओ. हळकुंड सारलं यंदा. घर मेढीवर बसाया लागलंय, लई चांगलं झालं!" केवढी खूश होती. मी काय केलं असेन? भाजी घेतली.

घरी येऊन मीच मला समजावलं. जमीन काळी आहे, पावसात फुगते, मेढच वर सरकली असेल. छप्पर कशाला खाली येईल? पटतं ना? मलाही पटलं. कितीतरी वर्षं पटत होतं. तुम्ही लिहीत का नाही? हे लिहायचं नाही असं मी कुठं म्हटलं — म्हणजे, म्हणणार होतो.

बरं, ऐका. काँक्रीट ओतल्यावर अठ्ठावीस दिवस खालचे टेकू हलवायचे नसतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. अकराव्या दिवशी मुंबईहून फोटोवाला येणार होता, उद्घाटनही त्याच दिवशी ठरलं होतं, आणि फोटोत टेकू — बिनखांबी छपराच्या फोटोत टेकू! मी म्हटलं, काढा. कोंडिबानं काँक्रीटवर तळवा ठेवला, म्हैस गाभण आहे का बघावं तसा. "साहेब, आजून कच्चं हाय." मी इंग्रजीत काहीतरी बोललो, तो काढायला लागला. तुमच्या हातातला फोटो, तो त्या दुपारचा. नीट पाहा, डावीकडे कोपऱ्यात जो पाठमोरा उभा आहे ना, तो कोंडिबा. त्याला कॅमेऱ्याकडे बघायचं नव्हतं.

किती वाजले? साडेनऊ. कुंडलिक खांब ओढेल, तो निघायचा नाही, मग कुऱ्हाड घालेल. आणि साळूबाई मुलांना बाहेर काढणार नाही — ऊन आहे बाहेर. अहो, कप ठेवा तो! एसटी नको, नसरापूरला बदलावी लागते, पोचणार नाही तुम्ही. समोर भिमाचा टेम्पो उभा आहे, माझं नाव सांगा. आधी मुलं बाहेर, मग कुंडलिकला थांबवा. वही राहू द्या इथं. काय? जमीनच फुगली असेल तर? नाही. मी दोन वर्षांपूर्वी एकटाच गेलो होतो, दाराच्या उंबऱ्यापासून दोरी धरून मोजलं. मेढ होती तेवढ्याच उंचीवर आहे, वर सरकलेली नाही. मग स्टुलावर चढलो, खिशात एक पोस्टकार्ड होतं, ते फटीत सारून पाहिलं. चारी बाजूंनी पाहिलं.

पोस्टकार्ड आत गेलं नाही.