काळी दिसते ती हवा

मी ब्रह्मपुरीचीच. जनम इथला, लगन बी इथलंच. नाव नूरजहाँ, पन गाव सारं नूरबाई म्हन्ते. माह्या अब्बाचा फोटोचा स्टुडिओ होता बसस्टँडच्या मागं, पुढं एक खोली अन् मागं एक अंधारी खोली, अन् आमी साऱ्या बहिनीच, भाऊ कोनी नाई, तर शाळेतून आली का मी त्या मागच्या खोलीत. लाल लाइट लावाचा, कागद दवाच्या पान्यात सोडाचा अन् पाहत बसाचं. आधी काईच नाई, कोरा कागद, मंग एक डोळा वर येते, मंग नाक, मंग अख्खा मानूस. काय सांगू तुमाले भाऊ, किती फोटो धुतले असन मी, पन ते मानूस वर येताना पाह्यलं का अजून अंगावर काटा येते.

लगन झालं ते रशीदमियाँशी, आमचे हे, जीप चालवत, इथून नदीपार आरमोरी, गडचिरोली, तिथून सीटा, म्हंजे सवाऱ्या, भरून वापस. मानूस बोलका. गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याले बी हसवत नेत, अन् घरी येऊन कोन काय बोललं ते आवाज काढून मले सांगत. मंग रंगीत फोटो आले अन् अब्बाचं काम बसलं. त्याच टायमाले आमच्या गल्लीच्या डॉक्टरसाहेबानं दवाखान्यात एक्स-रेची मशीन आनली, फिल्म धुवाले कोनी पाह्यजे होतं. अब्बा म्हनले, माही पोरगी धुते. साहेब म्हनले, बाईमानूस? अब्बा म्हनले, अंधारात कोन बाई अन् कोन बाप्या, फिल्म साफ निघाली म्हंजे झालं ना.

पयल्या रोजी छातीची फिल्म धुतली तं मी घाबरली. बरगड्या पांढऱ्या, मधात दिल, अन् दोन्हीकडं काळंच काळं. मी म्हनलं, साहेब, हे तं जळलं दिसते. ते हसले, म्हनले, नूरबाई, ते काळं म्हंजे हवा. फेफडं चांगलं असलं का असंच दिसते, पांढरं दिसलं का समजाचं तिथी हवा पोहचून नाई राह्यली. मी पाहतच राह्यली. हवा कोनी पाह्यली हाय का भाऊ? मी पाह्यली. उन्हात धरून पाह्यली. तसं तं सारे लोक उन्हातच धरत. एक धानवाला होता वैनगंगेच्या काठचा, त्याच्या बायकोची टीबी बरी झाली, तं तो आंगनात फिल्म वर धरून येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवे, पाहा जी, माही बायको आता आतून बी साफ हाय, अन् ते बिचारी पदरात तोंड घालून उभी.

हां, तं आमच्या ह्याइचं सांगत होती. ज्या सालाले तो नवा ताप निघाला, डुकराचा ताप म्हनत त्याले, लोक तोंडाले रुमाल बांधून फिरत, त्या सालची गोष्ट. धान उभे होते. ह्याइले ताप आला, अंग दुखे, खोकला. चार-पाच रोज काढले, मंग मीच म्हनलं चला दवाखान्यात. आपल्या पायानं चालत आले, भाऊ. साहेबाले म्हन्तात, एक सुई मारा, मले गाडी काढाची हाय. हसून बोलून राह्यले, पन साहेब काई हसेनात, ते ह्याइच्या नखाकडं पाहत होते. नखं जांभळासारखी.

दवाखान्यात तवा ते बोटाचं मशीन नवंच होतं. बोटाले चिमटा लावाचा, चिमट्यात लाल उजेड, अन् डब्यावर आकडा येते, रक्तात किती हवा हाय ते. ना सुई ना काई. चांगल्या मानसाचा पंच्यान्नवच्या वर पाह्यजे. ह्याइचा आला चौऱ्याहत्तर. साहेब म्हनले मशीन बिघडली दिसते. त्याइनं चिमटा आपल्या बोटाले लावला, अठ्ठ्यान्नव. माह्या बोटाले लावला, सत्त्यान्नव. वापस ह्याइले लावला, चौऱ्याहत्तर. अन् हे विचारून राह्यले, काऊन जी, पास का फेल?

मंग छातीचा फोटो काढला अन् मी फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेली. ह्याइची एक बरगडी गाडीच्या अपघातात मोडून जुळली होती, तिथी गाठ हाय, ते गाठ आधी वर आली. म्हनून मले पक्कं माहीत का हे माह्याच मानसाची छाती. अन् मंग बाकीचं वर आलं तं काळं कुठीच नाई. खालपासून वरपर्यंत, दोन्हीकडं, कापूस पिंजून भरल्यावानी पांढरं. मले वाटलं फिल्म बिघडली, पानी जुनं झालं असन. मी भायेर येऊन म्हनलं, साहेब, आनखी एक काढा. त्याइनं काढला. तो बी तसाच. मी ओली फिल्म हातात घेऊन उभी, पानी टपकून राह्यलं माह्या पायावर, अन् साहेब हळूच म्हनले, नूरबाई, फिल्म बरोबर हाय.

नागपूरले न्याचं म्हनलं तं उठवून बसवलं का आकडा अजून खाली जाये. साहेब म्हनले रस्त्यात धोका हाय, इथीच ठेवू. सिलिंडर लावला, नाकातोंडावर मास्क, तवा कुठी आकडा ऐंशीच्या वर गेला अन् तिथीच अडला. सरकारी दवाखान्यातून त्या तापाच्या गोळ्या आनल्या. साहेबानं मले बसवून सांगतलं का हा व्हायरस हाय, ह्याच्यावर आपल्या जवळच्या सुया चालत नाईत, गोळीनं थोडी मदत होईन, बाकी लढाचं ते ह्याइच्या अंगानं, आपन फक्त हवा देत राहाची. मंग त्याइनं नागपूरच्या आपल्या गुरूले फोन लावला. गुरू म्हनले, पालथं निजवून पाहा. आमी तिघाचौघानं धरून ह्याइले पोटावर निजवलं, छातीखाली उशी, अन् मी त्या डब्याकडं पाहत बसली. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मंग कितीक वेळ काई नाई. मंग सत्त्याऐंशी. मंग नव्वद. नवी दवा नाई, सुई नाई, मानूस फक्त पालथा केला तं त्याच्या रक्तात हवा वाढली! मी साहेबाकडं पाह्यलं तं ते बी तोंड उघडं ठेवून पाहून राह्यले होते.

सिलिंडर सरत चालले. ह्याइच्या संगच्या जीपवाल्याइले कोनी सांगतलं माहीत नाई, पन त्याइनं आपसात ठरवलं, सीटा उतरवून सिलिंडर भरले, कोनी चंद्रपूरहून आने, कोनी नागपूरहून, अन् रिकामे वापस नेत.

बाजूच्या खाटेवर गडचिरोलीपल्याड मुलचेऱ्याकडं बंगाल्याइच्या वस्त्या हायेत, तिथली एक बंगाली बाई होती, तरनी, तोच ताप. तिले बी तीच हवा, त्याच गोळ्या, तिले बी पालथं निजवलं. तिचा आकडा बी एक रोज वर चढला होता, मी तिच्या नवऱ्याले दाखवला होता, पाहा भाऊ म्हनून. दुसऱ्या रोजी सकाळी ते गेली. तिची फिल्म अन् ह्याइची फिल्म शेजारी लावून पाह्यली मी, मले तं फरक दिसला नाई. साहेबाले विचारलं, काऊन जी? ते म्हनले, मले माहीत नाई, नूरबाई.

मंग ह्याइचं हळूहळू सुधरलं. मास्क काढून बी आकडा टिकू लागला. घरी सोडाच्या आधी एक फोटो काढला, मीच धुतला. वरच्या कोपऱ्यातून काळं सुरू झालं, मंग मधात, खाली थोडं धुकं राह्यलं होतं तेवढंच. मी त्या लाल उजेडात एकटीच होती. मोठ्यानं रडली. नमाजात बी मले कधी एवढं वाटलं नाई जेवढं त्या रोजी वाटलं, का कोनाचा तरी हात हाय हा.

आमी निघालो तवा त्या बंगाली बाईचा नवरा फाटकाशी उभा. बायकोचे राह्यलेले कपडे न्याले आला होता. तो जवळ आला, ह्याइच्या छातीवर आपला पंजा ठेवला, सास वर-खाली होते ते पाह्यलं, अन् गेला. बोलके आमचे हे, पन त्या रोजी घरापर्यंत आपल्याच छातीवर हात ठेवून बसले.

आता दवाखान्यात काम्प्युटर आला, फिल्म धुवा लागत नाई, साहेबानं मले मशीन चालवाले ठेवलं. हे जवळच्या जवळ गाडी चालवतात, चढ चढताना दम लागते. ते काऊन वाचले अन् ते तरनी बाई काऊन गेली, हे मी आता कोनाले विचारत नाई. अल्ला साऱ्याइले भरपूर सास देवो, तुमाले बी, तुमच्या लेकराइले बी. बस भाऊ, एवढंच हाय. सकाळी चुलीपाशी बसली असली अन् भायेर आंगनात हे खोकलले का माहा हात थांबते. पुढचा सास ऐकू आला का मंग रोटी उलटवते.