मिथुन परबची चावी काढू नये

मी, ऋतिका शिवदास तांबे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व, आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी साकीनाका येथील एका कंपनीत सिस्टिम इंजिनीअर आहे. उपनगरातल्या डायलिसिस केंद्रांचे काम आमच्या चौदा सर्व्हरवर चालते. हे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असून त्यांच्या सेटिंग काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून बदलतात. तो अधिकार दोघांनाच आहे, मला आणि मिथुन दादू परब, वय ४१, यांना. एकाने बदल मांडायचा, दुसऱ्याने मंजूर किंवा नामंजूर करायचा आणि दोघांनीही कारण लिहायचे. हा नियम मिथुननेच घातला. काम मला त्यानेच शिकवले, तरी मी त्याला अरे-तुरेच करते.

मिथुनची पत्नी माधुरी गेल्या वर्षी आजारपणात वारली. तेव्हापासून तो डबा आणत नव्हता. माझ्यातले पुढे केले तर "भूक नाही गं" म्हणायचा. परवा सकाळी तो लॅपटॉप आणि नेटचे डोंगल घेऊन ऑफिसला म्हणून निघाला तो पोचलाच नाही. फोन बंद. त्याची आई द्रौपदीबाई यांनी याच ठाण्यात तो हरवल्याची खबर दिली आहे.

आज दुपारी मी जेवायला उठत असताना स्क्रीनवर मिथुनच्या नावाने एक बदल आला. सर्व सर्व्हरवरून मिथुन परबची चावी काढून टाकावी. चावी म्हणजे आत शिरण्याचा परवाना. कारणाच्या जागी लिहिले होते, "आता लागणार नाही. ऋतिका सांभाळेल." राजीनामा नाही, काही नाही. हा माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घेणार, असे मला वाटले. मी नामंजूर केले आणि कारण लिहिले, "कुठे उलथलायस?" त्यावर तोच बदल त्याने परत मांडला. तो मी तसाच अडकवून ठेवला.

फोन लागत नव्हता. त्याच्याशी बोलायला तेवढी एकच जागा उरली होती. मिथुनला चूक अजिबात सहन होत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून मी मुद्दाम एक चुकीचा बदल मांडला, की सगळे सर्व्हर एकदम बंद करून चालू करावेत. तो मंजूर झाला असता तर केंद्रांची वाट लागली असती. लगेच नामंजुरी आली. कारण, "वेड लागलंय का? एकेक करून, किती वेळा सांगायचं?" मला रडू फुटले आणि मी त्याहून बावळट चूक मांडली. मग आणखी एक. शेवटी तो भडकला. "अगं बाई, इथे मनोरीच्या धक्क्यावर फेरीबोटवाला चौकशा करून डोकं खातोय, त्यात तुझं हे काय चाललंय?"

मी ताबडतोब ठाण्यात फोन केला. हवालदार श्यामसुंदर मोरे मार्व्याहून फेरीबोटीने खाडीपलीकडे मनोरीला पोचेपर्यंत मी चुका मांडत राहिले. एवढ्या चुका मी नोकरीला लागल्यापासून केल्या नसतील. त्याने एकही सोडली नाही, प्रत्येकीचे कारण लिहिले. हवालदारांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "एक मिनिट साहेब, हिचं एवढं परत पाठवतो." हे त्यांनी मला फोनवर सांगितले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मिथुन सुखरूप आहे. सध्या तो बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसून माझ्या डब्यातली भाकरी आणि जवळ्याची चटणी खात आहे. उद्या डॉक्टरांकडे यायला तो तयार झाला आहे, मी सोबत जाणार आहे. तो मनोरीला कशासाठी गेला होता ते त्याने आईला सांगितले आहे. ते इथे लिहू नये अशी माझी विनंती आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चावी काढण्याचा बदल अजून तसाच अडकलेला आहे. ऑफिसला गेल्यावर तो मी नामंजूर करणार आहे. कारण, लागणार आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने मिथुननेही तो ऐकला आणि बाकावरूनच एक चूक काढली. वर चौदा सर्व्हर लिहिले आहेत ते सोळा वाचावेत. ही चूक मी मुद्दाम केलेली नव्हती. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.