लिलावातला स्वेटर

शेठ : मीठ द्या म्हटलं, तर शेजारच्यानं माझ्याकडे बघितलं आणि बरणी उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवली. काका, मी कुणाचं घोडं मारलंय?

आचारी : मीठ हवंय ना? हे घे. खा आणि पळ. मला कांदे चिरायचेत.

शेठ : मीठ नकोय. जहाजावरचे आपले मास्तर वारल्यापासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. मी बसलो की बाकावरचे सगळे उठतात. तुम्ही आत्ता शिट्टी वाजवत होतात, मी आत आलो आणि थांबलात.

आचारी : जहाजावर शिट्टी फक्त आचाऱ्यानं वाजवायची. दुसऱ्या कुणी वाजवली तर वारा अंगावर येतो म्हणतात. आचाऱ्याला सूट का, माहितीय? शिट्टी ऐकू येतेय तोवर त्याच्या तोंडात घास नाही, एवढी खात्री.

शेठ : विषय बदलू नका.

आचारी : बदलत नाहीये. इथे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं, एवढंच म्हणतोय. तू आलास किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमधून. तुला कोण सांगणार? बरं, तुझ्या अंगात काय आहे?

शेठ : स्वेटर. मास्तरांचा. लिलावात घेतला, सगळ्यांच्या देखत. चोरला नाही.

आचारी : चोरला असतास तर परवडलं असतं.

शेठ : म्हणजे?

आचारी : मास्तरांना कॅनव्हासमध्ये शिवून समुद्राला दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी डेकवर काय काय विकलं, आठवतं?

शेठ : आठवतं की. पहिला आला बुटाचा ब्रश. केस झडलेला. त्याला वायरलेसवाल्यानं जवळजवळ महिन्याचा पगार लावला. मला वाटलं, याला ऊन लागलं. मग तोच ब्रश पुन्हा विकायला आला आणि इंजिनवाल्यानं त्याच्याही वर बोली लावली. म्हटलं, ही काय दुकानदारी!

आचारी : वायरलेसवाल्यानं ब्रश नेला?

शेठ : नाही. पैसे ठेवले आणि ब्रश परत पेटीत टाकला.

आचारी : आणि इंजिनवाल्यानं?

शेठ : त्यानंही टाकला.

आचारी : आणि दाढीचा आरसा? टोपी? साबणाची डबी?

शेठ : तेही... सगळं परत पेटीत.

आचारी : तरी तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही?

शेठ : मला वाटलं, माल हातात घेतल्यावर पसंत पडला नसेल.

आचारी : धन्य आहेस रे बाबा.

शेठ : सांगा तरी.

आचारी : आपला माणूस सफरीत गेला की त्याच्या वस्तूंचा लिलाव करायचा. ऐपत असेल त्याच्या वर बोली लावायची, पैसे ठेवायचे आणि वस्तू परत पेटीत टाकायची. पैसेही त्याच्या घरी, पेटीही घरी. नुसती वर्गणी पाठवली तर घरच्या बाईला हात पसरल्यासारखं वाटतं. लिलाव म्हटलं की कसं, तिच्या नवऱ्याच्या ब्रशला किंमत आली. कळतं त्या बायकांना. पण त्या विचारत नाहीत, आपण सांगत नाही.

शेठ : म्हणजे कुणीच काही न्यायचं नसतं?

आचारी : कुणीच नाही. मी इतकी वर्षं आहे, वस्तू खाली घेऊन गेलेला माणूस मी एकच पाहिलाय.

शेठ : काका...

आचारी : आणि नेताना काय बोललास? मी सांगू, की तू सांगतोस?

शेठ : म्हटलं... एवढ्या पैशांत बाजारात नवे तीन येतील.

आचारी : पुढे?

शेठ : गळ्याला सैल आहे, जरा कमी करा.

आचारी : धाकटे साहेब लिलाव करत होते. बिचाऱ्यांनी हातोडा मारला आणि सुटले. वर तू सगळ्यांना थँक्यू म्हणालास.

शेठ : आमचं दुकान आहे हो. भाव न करता काही घेतलं तर बाबा जेवताना दहादा टोमणे मारायचे. माझ्या तोंडातून ते आपोआप निघतं.

आचारी : आणि दुसऱ्याच दिवशी घालून पहाऱ्यावर उभा! मेलेल्याचा कपडा त्याच सफरीत कुणी अंगाला लावत नाही. पोरं तुझ्यापासून लांब बसतात ती निम्मी रागानं आणि निम्मी भीतीनं.

शेठ : तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात.

आचारी : होतो.

शेठ : मग कोपर मारायचं. पायावर पाय द्यायचा. काहीतरी.

आचारी : वाटलं, आत्ता टाकेल परत, आत्ता टाकेल. मग पेटीला खिळे ठोकले. मग म्हटलं, आपण कशाला वाईटपणा घ्या. सगळ्यांनीच तसं म्हटलं असणार. तू नवा होतास आणि आम्ही तमाशा बघत उभे राहिलो. ...आता काढतोस कशाला? गारठशील.

शेठ : अंगात ठेववत नाही. घ्या हा, पेटीत—

आचारी : पेटी मागच्या बंदरातून कधीच गेली. उद्या आपण घरच्या धक्क्याला लागतोय. तू स्वतः जा आणि वहिनींच्या हातात दे.

शेठ : आणि काय सांगू?

आचारी : धुवायला टाकला होता, राहून गेला म्हण. लिलावाचं अवाक्षर काढू नकोस. द्यायचा आणि निघायचं. चहासुद्धा घेऊ नकोस.

(दुसऱ्या दिवशी, मास्तरांच्या घराच्या दारात.)

वहिनी : तुम्ही शेठ ना?

शेठ : तुम्ही कसं ओळखलंत?

वहिनी : हे फोनवर सांगायचे. नवा मुलगा आलाय, फुकटचं बिस्कीट खातानाही पुड्यावरची तारीख वाचतो. या. बूट राहू द्या.

शेठ : बसत नाही, वहिनी. हा तेवढा द्यायचा होता. मास्तरांनी धुवायला टाकला होता, तो... राहून गेला.

वहिनी : कुणाकडे राहिला?

शेठ : धुलाईखान्यात. ढीग असतो तिथे.

वहिनी : बसा.

शेठ : नको, खरंच. मला परत—

वहिनी : बसा म्हटलं ना. त्या पेटीवर नको, इकडे खुर्चीवर. पेटीत काय काय आलं, सांगू? नखं कापायची कात्री आली. अर्धा झिजलेला साबण आला, कागदात गुंडाळून. केस झडलेला ब्रश आला. इतकं जपून पाठवणाऱ्या माणसांकडून अख्खा स्वेटर राहून जातो?

शेठ : होतं कधीकधी.

वहिनी : मी दवाखान्यात रक्त तपासते. काही कमी भरलं की का कमी भरलं ते शोधायचं, हीच माझी नोकरी. पेटी मी तीनदा उपसली. सगळं होतं. मी स्वतःच्या हातानं केलेली एकच वस्तू होती, तेवढीच नव्हती. मग त्याचा अर्थ काय लावायचा?

शेठ : काय लावलात?

वहिनी : की तो कुणाला तरी देऊन टाकलाय. कुठल्यातरी बंदरातली कुणीतरी तो घालून बसलीय.

शेठ : वहिनी! मास्तर तसे नव्हते हो.

वहिनी : असं सगळेच म्हणणार. तुम्ही लोक एकमेकांचं झाकण्यात पटाईत. पैसेही पाठवता, विकलेल्या वस्तूही पाठवता, आणि वर समजता की हिला काही कळत नाही. ...द्या इकडे. बघू दे मला.

शेठ : काय बघताय?

वहिनी : डाव्या बाहीच्या काठात मी माझा एक केस विणला होता. ह्यांनीच सांगितलं, जहाजावरच्यांच्या बायका तसं करतात, मग माणूस फिरून घरी येतो. मी हसले होते. म्हटलं, केसात कसली शक्ती? पण विणला. ...नाही.

शेठ : काय नाही?

वहिनी : केस नाही इथे. टाका उसवलेला नाही, वीण तशीच आहे आणि केस तेवढा ओढून काढलाय. हे असा काढणार नाहीत, ह्यांना माहीत होतं तो काय आहे ते. दुसऱ्या बाईचा केस हाताला लागला तर एक बाईच तो राहू देत नाही. कुठून परत आणलात हा? तिच्याकडून?

शेठ : नाही हो.

वहिनी : मग धुलाईखान्यानं काढला?

शेठ : वहिनी, तो केस... पुढे काळा आणि मुळाकडे बोटभर पांढरा होता का?

वहिनी : काय म्हणालात?

शेठ : मनगटाला टोचत होता. मी उजेडात धरून बघितला, म्हणून लक्षात राहिलं. मग ओढून काढला.

वहिनी : तुम्ही.

शेठ : मी. हा माझ्या अंगात होता. काल संध्याकाळपर्यंत. मी तो लिलावात घेतला. बाकीच्यांनी जे जे घेतलं ते परत पेटीत टाकलं, नेला फक्त मी. रीत माहीत नव्हती मला, हे खरंय. पण भाव केला तो कुणी करायला लावला नव्हता. म्हटलं, गळ्याला सैल आहे, कमी करा. भर डेकवर. धुलाईखाना वगैरे सगळं खोटं.

वहिनी : गळा सैलच ठेवला होता. ह्यांना घट्ट चालत नसे.

शेठ : आणि केस बोटाला चिकटला, तो मी कठड्यावरून झटकला. पाण्यात. कुणाचा आहे, असा विचारसुद्धा आला नाही. रागवा मला. उठून जा म्हणा.

वहिनी : बोटभर पांढरा... त्या आठवड्यात कलप लावायचा राहिला होता. ते ह्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

शेठ : वहिनी, पाणी आणू का?

वहिनी : नको. ह्यांना तिकडे समुद्राला दिलं, आणि मी इथे पेटी उपसत एक बाई शोधत होते. तिचा चेहरासुद्धा ठरवला होता मी. माझ्याहून गोरी.

शेठ : ते माझ्यामुळे झालं.

वहिनी : तुम्ही स्वेटर नेलात. बाई मी आणली. आणि गप्प तरी राहावं! ताईंना सांगितलं, ह्यांच्या बहिणीला. रडून दमल्या होत्या बिचाऱ्या, मी त्यांच्यासाठी भात वाढत होते आणि वाढता वाढता बोलून गेले. त्या म्हणाल्या, माझा भाऊ असला नव्हता. ताटावरून उठल्या त्या परत आल्याच नाहीत.

शेठ : मग आता लगेच कळवा त्यांना.

वहिनी : मी काय कळवू? सारवासारव करतेय असंच वाटेल. थांबा, फोन लावते. तुम्ही बोला.

शेठ : मी? मी त्यांना काय सांगू?

वहिनी : मला आत्ता सांगितलंत तेच.

शेठ : भाव केला तेही?

वहिनी : ते आधी सांगा. इतकं लाजिरवाणं कुणी मुद्दाम रचून सांगत नाही, त्यांना पटेल.

शेठ : आणि केस?

वहिनी : केसाचंही सांगा. ...पांढरा होता एवढं गाळा, भाऊजी.

शेठ : वाजतोय.

वहिनी : घ्या.

शेठ : हॅलो. ताई, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या भावाचा स्वेटर मी घातला होता.