बांध फोडल्याची चौकशी

— नाही हो ओव्हरसियर साहेब, भांडण मिटलं! महिना झाला मिटून. तुमचा कागद आज आला, त्याला मी काय करू? आधी आपलं राज्य नागपूरचं, आता भोपाळचं — कागद बिचारा तितक्या लांबून चालत आला असंल. बसा, चहा घ्या. मी धुरपदा, बांधाच्या राखणदाराची बायको. हे शेतात गेलेत. काय ते मलाच विचारा.

बांध कोणाचा? आमच्या जसोंडीचा. नदी अडवून केळीला पाणी घेतो. अन् खालच्या वाडीला थेंब जाईना. तिथंच माझी लेक कोकिळा दिलेली, यादव पाटलाच्या घरी. पाटलानं जिद धरली — पाणी नाही तर सून माहेरी धाडणार नाही. पोरीला आठवा लागलेला, पहिलंच बाळंतपण — पण कोणाला फिकीर!

मंग एक दिवस बांध फुटला. लाठ्या निघाल्या. आमचे देवराम पाटील म्हणाले, आधी बोलू. पण कोणी कोणाच्या गावात पाय ठेवीना — मंग बसले आपापल्या काठावर. आमचे इकडून ओरडतात, वाडीचे तिकडून. दोन दिवसांत सगळ्यांचे घसे बसले! तिसऱ्या दिवशी कोणाचं ऐकूच येईना, म्हणून उतरले खाली वाळूत, बसले गुडघ्याला गुडघा लावून. घसा बसलेला माणूस शिव्या देत नाही साहेब, कामाचंच बोलतो. यादव पाटील कसेबसे म्हणाले, "आमची केळी सुकली हो." देवराम पाटील म्हणाले, "मंग हे आधी काहून नाही सांगितलं?" — दोन वर्षं तेच तर ओरडत होते ते!

ठरलं. बांध दोघांनी मिळून बांधायचा, मधे फळी बसवायची. चार दिवस पाणी आमचं, तीन दिवस वाडीचं. पण देवराम पाटील अडले — फोडल्याची माफी मागा. वर म्हणतात, "तशी तुमच्यात हिंमत नाही म्हणा!" झालं! यादव पाटील छाती काढून उठले, "आम्हीच फोडला! अन् माफी मागतो!" मी मागं बसलेली, पदर तोंडात कोंबला. त्यांना कुदळ कुठं घालायची तेही माहीत नाही. जैनाबाद गावाकडच्या अंगाला बांधाची माती मऊ आहे, सात घाव पुरतात. राखणीला हे होते, पण भर दुपारी भरीत-भाकर पोटभर वाढली की यांना तोफेनंही जाग येत नाही —

काय? मला कसं माहीत? राखणदाराच्या बायकोला नाही तर कोणाला माहीत असणार! अन् तुम्ही लिहिता काय हो? खोडा ते. यादव पाटलानं फोडला, त्यानंच माफी मागितली, दोन्ही गावांना कबूल आहे. तुम्ही नवं काही शोधलं तर पुन्हा लाठ्या निघतील.

खोडलं? बरं. उठा मंग. हळू — बूट हातातच घ्या. आत कोकिळा निजली आहे, कालच मुलगी झाली तिला.