कोब्याखालचं पाणी

पाणाड्यांना तुम्ही खुशाल हसा, पण आमच्या कोरेगावच्या घरात एकानं चक्क हॉलमध्ये पाणी शोधलंय.

झालं असं, बायकोला हॉलमध्ये लाकडी फ्लोरिंग हवं होतं. त्यासाठी खाली नवा कोबा केला. साताऱ्याहून फिटर आला, त्यानं कोब्याला मीटर लावला आणि म्हणाला, "ओल आहे. वाळल्याशिवाय बसवलं तर लाकूड फुगून वर येईल." पंधरा दिवसांनी आला, ओल तेवढीच. महिन्यानं आला, तर वाढलेली. "साहेब, खाली झरा वगैरे आहे का?" असं विचारून तो गेला.

मग चुलत्यांनी पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो हॉलभर फिरला. बरोबर मधोमध नारळ उभा राहिला.

"लय पाणी हाय. हितंच बोअर मारा."

बायको म्हणाली, "मग सोफा कुठं ठेवू?"

आमचे वडील, आबा, कोपऱ्यात गप बसून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, तर आबा पाइप घेऊन हॉलमध्ये उभे.

"आबा, काय चाललंय?"

"कोब्याला पाणी मारतुया. रोज तुमी उठायच्या आधी मारतुया. तुमाला कुणाला काळजी हाय का?"

"आवं, मग काल पाणाड्या आला तवा बोलला का न्हाई?"

"म्हटलं, त्याला खरंच पाणी कळतंय का बघू. कळतंय रं. मळ्यातल्या बोअरला ह्यालाच आणायचा."