सत्तेचाळीस नंबरचा जेवणाचा कागद

हॅलो?… कोण?… अगं वहिनी, तू होय! बोल बोल… नाही गं, डबा खाऊन झालाय. मशीन चालू आहे, अर्धा तास तरी त्याला माझी गरज नाही… का गं, आवाज असा का?… रडतेयस?

काय?… कोण, आमचा घुम्या?… दुसरी बाई?… अगं छप्पन्न वर्षांचा माणूस तो, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, बाई कुठली सापडतेय!… बरं बरं, नाही हसत. सांग. पहिल्यापासून सांग.

हं… एकाआड एक गुरुवारी… चहासुद्धा न घेता… इस्त्रीचा शर्ट?… आणि दुपारी आला की झोपतो… अगं, मग तिकडे कुणीतरी खाऊ घालत असणार! सकाळचा चहा सोडणारा माणूस नव्हे तो… आणि रात्री?… तीन-तीनदा उठतो? फोन घेऊन बाथरूममध्ये?… दहा-दहा मिनिटं? वहिनी, आता मात्र मलाही शंका यायला लागली. लहानपणापासून आतल्या गाठीचा आहे तो. आईचा आरसा फोडला होता, चार वर्षं पत्ता लागू दिला नाही.

फोन उघडून बघितलास?… कुलूप लावलंय? मग तर झालंच. कसंही करून ते निरोप वाच… मी?… मी वाचते ते निरोप निराळे, बाई… हो, तेच काम अजून, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं. चरबीचं… अंगावरची नाही गं! पेशींच्या आतली. ती नुसती साठून बसत नाही, निरोप नेते-आणते. ‘वाढ’ म्हणते, ‘पसर’ म्हणते, आणि गाठीतल्या द्वाड पेशी लगेच ऐकतात. ते निरोप रक्तात किती वाढले, ते आम्ही मोजतो… नाही, नुसत्या तळणीनं गाठ होते असं नाही. तू उगाच कढई फेकू नकोस.

ओळखीचे? छे, नाव नसतंच. दवाखान्यातून रक्ताची छोटी बाटली येते, तिच्यावर नंबर. सोबत तीन दिवसांच्या जेवणाचा कागद. पेशंट सांगतो, नर्स लिहून घेते… हो ना, चोरून घराघरात डोकावल्यासारखंच. एक सत्तेचाळीस नंबर आहे, माझा अगदी लाडका. अर्धं बिस्किट खाल्लं तरी सांगतो! बायकोच्या हातचं नाकारलं तरी तेही सांगतो… बघ, असे खरे नवरेही असतात जगात. नाहीतर तुझा.

हं… हं… काय म्हणालीस?… कुत्र्याला?… शेजारणीच्या कुत्र्याला. तळलेले बटाटे घातले त्यानं. आणि तुला शेजारणीनं येऊन सांगितलं… कधी?… मंगळवारी? नक्की मंगळवार?

थांब. फोन ठेवू नकोस. टेबलावर ठेवतेय, आले.

… कालचा गठ्ठा कुठे गेला… हा. सत्तेचाळीस. सोमवार, भात, दही… मंगळवार रात्री… ‘तळलेले बटाटे वाढले, खाल्ले नाहीत, शेजारच्या कुत्र्याला घातले.’ अरे देवा. गुरुवार, उपाशीपोटी… आणि हे खाली काय? ‘पुढच्या वेळी येणार नाही म्हणतात. घरी संशय येतोय.’ … अरे गाढवा. गाढवा रे…

हॅलो, वहिनी?… काही नाही गं, कागद शोधत होते. ऐक ना. बाई-बिई काही नाही… कशावरून म्हणजे? माझा भाऊ आहे तो… मघाशी काय म्हणाले ते विसर! माझ्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे… नाही, मला सांगता येणार नाही. येणार नाही म्हणजे नाही, नियम आहे… अगं ऐक ना! पाळत ठेवू नकोस त्याच्यावर. फोन उघडू नकोस. तू पाळत ठेवतेस म्हणूनच तो… काही नाही. घरी आहे का?… दे त्याला. आत्ता. दे म्हणते ना!

हॅलो? घुम्या? मी. काही बोलू नकोस, नुसतं हो-नाही म्हण. तू सत्तेचाळीस आहेस?

… घुम्या. हो की नाही?

… कधीपासून?… मार्चपासून! आणि मला एका शब्दानं नाही?… कुणी नाही सांगितलं. शेजारच्या कुत्र्यानं सांगितलं. आज सकाळीच तुझा कागद वाचून मी हसले रे. इथल्या पोरींना वाचून दाखवला… हो, चुकलंच माझं. आता माझं ऐक… आकडे मी सांगायचे नाहीत, ते डॉक्टर सांगतील. पण गुरुवार सोडायचा नाही. तुझं औषधही तिथेच मिळतं ना? मग? ते निरोप काय तुझ्या घरचा संशय मिटायची वाट बघत थांबणार आहेत?

मी रडेन म्हणून लपवलंस? आणि ती?… ती कोसळेल? घुम्या, ती आत्ता कोसळलेलीच आहे. तिला वाटतंय, तुझी बाई आहे… हसू नकोस! खरंच वाटतंय. मीही तेल ओतलं… नाही, मी नाही सांगणार. तूच सांग. आत्ताच. फोन चालू राहू दे, मी इथेच आहे.

…

हॅलो?… कुणी आहे का?… घुम्या?…

मशीन वाजतंय माझं. वाजू दे. हॅलो?

… वहिनी? सांगितलं त्यानं?… हो… हो गं. रड. चांगलं रड… नाही, मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता कळलं, तुझ्याबरोबरच… बरा होईल का, ते मला कसं गं सांगता येईल? पण औषध चुकवायचं नाही, एवढं मला कळतं… त्याला शिव्या नंतर दे. मीही देणार आहे… हो, गुरुवारी तू बरोबर जा. सकाळी आठला रांग लागते.

काय?… अगं तू कशाला उपाशी राहतेस? रक्त त्याचं घेतात, तू खुशाल चहा घेऊन जा… अगं ऐक ना, तसा काही नियम नाही…

बरं. नको घेऊस. दोघांचा चहा मी थर्मासमध्ये घेऊन येते.