एका बोटाचं दार

मंडळी, मागे जागा आहे तशी पुढेही आहे, सरका पुढे! आज एकच प्रश्न विचारणार आहे. घर सुंदर झालं, हे ठरवायचं कुणी? दारातून डोकावून "वा वा" म्हणणाऱ्यानं, की त्या घरात रोज उठून तोंड धुणाऱ्यानं?

माना डोलवू नका एवढ्यात! हे आमचे पेटीवाले दामूअण्णा. परवा यांच्या घरी चहाला गेलो. खुर्ची दिसली, टेकलो. वहिनी आतून धावत आल्या— "बुवा, त्या खुर्चीत नका हो! ती शोभेची आहे!" अहो, मग बसायची कुठली? तर म्हणे, "सतरंजी घालते!" हसा, हसा. तुमच्या घरात काय वेगळं चाललंय?

तर ऐका. सांगलीत एक यशवंत होता. औषधांचं दुकान, बायको मृणाल आणि लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली मुलगी मुक्ता— चार वर्षांची, नुसता भोवरा! आणि घरात थोरली बहीण, शरयूताई. शरयूताई नऊ वर्षांची असताना देवी आल्या, जीव ठेवून गेल्या, डोळे घेऊन गेल्या. पुढे आईबाप गेले तेव्हा हा यशवंत दहा वर्षांचा. कुणी सांभाळला? या आंधळ्या बहिणीनं! वेताच्या खुर्च्या विणल्या, विणून विणून बोटांची सालं निघाली. शिकवला, दुकान थाटून दिलं, लग्न लावलं. रडत बसली नाही हो! घरात अशी चालायची की नवा पाहुणा तासभर गप्पा मारून जायचा आणि जिन्यात विचारायचा, "ताईंना दिसत नाही? काय सांगता!"

कशी चालायची? हातांनी! मिठाच्या बरणीला सुतळीचा एक वेढा, साखरेच्या बरणीला दोन. गॅसचं बटण, दाराची कडी, खुंटी— सगळं बोटांना पाठ. ते घर तिच्या हातात होतं, मंडळी.

आता काय झालं! यशवंत कोल्हापूरला गृहसजावटीचं प्रदर्शन बघायला गेला. काय त्या वस्तू! अंड्याच्या आकाराची खुर्ची! हात पुढे केला की पाणी सोडणारा नळ! नुसत्या काचेची शेगडी— बटण नाही, खटका नाही! खोटं कशाला बोलू, मलाही आवडतात. छान वस्तूचा मोह वाईट नाही. पण याला वेडच लागलं! रात्रंदिवस मोबाइलवर तेच. म्हणाला, "ताईनं जन्मभर जुन्यापान्यात काढलं. तिला एकदम नवं घर दाखवू!"

दाखवू! शब्द ऐकलात ना? कुणाला दाखवू?

ताई महिनाभर कुडाळला मावशीकडे गेली होती. तेवढ्यात यानं घर उलटंपालटं केलं. बरण्या गेल्या, सगळे डबे एकसारखे, काळे, चौकोनी. कड्या गेल्या, खुंट्या गेल्या. आतल्या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपाट— चार दारं, सगळी आरपार न दिसणाऱ्या पांढऱ्या काचेची, आणि मूठ एकालाही नाही! बोटानं एका ठरावीक जागी दाबलं की टिक् करून उघडायचं. आतून रबरी पट्टी, धूळ जाऊ नये म्हणून. दारं बंद असली की कपाट आहे हेच कळायचं नाही, भिंतच वाटायची. तीच त्याची शोभा!

ताई परत आली. मृणालनं हात धरून फिरवलं. "ही खुर्ची, ताई. हा दिवा." ताई म्हणाली, "छान गं." दुसऱ्या दिवशी चहात मीठ पडलं. तिसऱ्या दिवशी पाण्याला गेली ती नळाची चावी चाचपत उभी राहिली. यशवंत म्हणाला, "सवय होईल गं!" ताई भिंत चाचपत पलंगाशी गेली. पुढचे दिवस ती बहुतेक पलंगावरच बसून होती. आणि याला वाटलं, ताई आराम करतेय!

आठव्या दिवशी रविवार. गावात 'सुंदर घर स्पर्धा' होती, परीक्षक चार वाजता यायचे होते. मृणाल हार-पेढे आणायला गेली. यशवंत परीक्षकांना आणायला चौकापर्यंत गेला. "ताई, अर्धा तास मुक्ताकडे बघ हं!"

बघ म्हणे!

मुक्ता म्हणाली, "आत्या, लपंडाव!" राज्य कायम आत्यावर. आत्याच म्हणायची, "माझे डोळे बांधायला नकोत, तेवढीच सोय!" तिनं दहा आकडे मोजले. पोर नेहमी फिदीफिदी हसायची आणि सापडायची. आज कपाटाचं एक दार किलकिलं होतं. पोर शिरली आत, दार ओढून घेतलं— टिक्!

"कुठंय माझी चिमणी?" हसू आलं, पण दबलेलं. ताई पुढे झाली, हात लागला काचेला. गार, गुळगुळीत. वर चाचपलं, खाली चाचपलं. मूठ नाही! कडी नाही! आणि आतून— "आत्या, उघड!"

"उघडते हं राणी!" कुठून उघडते? बोटं सरकताहेत नुसती! चारही दारं सारखी, आवाज भिंतभर घुमतोय. "आत्या, काळोख आहे! आत्या!" पोर रडायला लागली. ताईची नखं फटीत अडकून तुटली. धावत बाहेरच्या दाराशी गेली. तिथेही कडी नाही, सपाट फळी! दोन्ही मुठींनी दार बडवलं. "अहो, कुणी आहे का!" शेजारी गावाला गेलेले, जिन्यात चिटपाखरू नाही.

अहो, तो मोबाइल बंद करा! इथे एक बाई दार बडवतेय आणि तुमची गाणी वाजताहेत!

परत खोलीत आली. पोरीचा आवाज बारीक झाला होता. "आत्या..." मग उचकी. मग काहीच नाही.

मंडळी, आपल्याला काळोखाची भीती वाटते. ही बाई पन्नास वर्षं काळोखात राहिली, पण भ्यायली ती त्या क्षणी, आवाज थांबला तेव्हा!

माझी दोन ओळींची एक मोडकीतोडकी साकी आहे, दामूअण्णा, सूर धरा—

*लोक म्हणाले घर हे सुंदर, फुगली त्याची छाती ।*
*ज्या बहिणीने वाढविला तो, काही न तिच्या हाती ॥*

तिच्या पायाला काहीतरी लागलं. संगमरवरी गोळा, नारळाएवढा. कशाला असतो विचारू नका, शोभेला! तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, "मुक्ते, मागं सरक गं!" म्हणाली, आणि घातला काचेवर! खळ्ळ! पुन्हा! हात फाटले, रक्ताची धार लागली. भगदाडातून हात घातला. आत नुसत्या साड्या. दार चुकलं होतं!

आणि तेवढ्यात यशवंत आला. मागे तिघं परीक्षक, हातात कागद-पेन. दारातच ओरडला— "ताई! अगं काय केलंस हे! एवढी महागाची काच—"

पोरगी कुठंय, हे आधी त्याच्या तोंडात आलं नाही, मंडळी! काच आली!

"गप्प बस!" ताई गरजली. "मुक्ता आत आहे! कुठून उघडतं हे? सांग, कुठून उघडतं!"

तो पांढराफटक पडला. तीन उड्या मारून आला, शेजारच्या, रिकाम्या कप्प्याच्या दारावर एक बोट टेकवलं. टिक्!

एक बोट! एवढंच काम होतं हो! ते बोट कुठे टेकवायचं, हे आठ दिवसांत त्या बाईला घरातल्या एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.

मुक्ता बाहेर पडली ती ताईच्या मांडीवरच. घामानं चिंब, ओठ निळसर, अंग ढिलं. ताईनं रक्ताळलेल्या हातानं छातीवर चोळलं, तोंडावर फुंकर घातली. "बाळा, हाक मार. एकदा हाक मार." एक श्वास गेला... दोन गेले... आणि पोरीनं असा काही टाहो फोडला! तो ऐकून त्या तिघांतल्या परीक्षकबाईही रडू लागल्या.

यशवंतानं ताईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "ताई, चुकलो गं. तू इतकी सहज वावरायचीस... तुला दिसत नाही, हे मी विसरूनच गेलो होतो."

आणि ताई काय म्हणाली? रागावली नाही. पोरीला थोपटत हळू म्हणाली, "यशा, मीसुद्धा विसरले होते रे. चाळीस वर्षं विसरले होते. या आठ दिवसांत तू आठवण करून दिलीस."

...

काय मावशी, डोळे पुसताय? पुसा. पण मला त्या यशवंताचं काही करायचं नाही. मी तुमच्याशी बोलतोय! तुम्ही, तिसऱ्या रांगेतले, नवं घर घेतलेले! तुमच्या वडिलांच्या हाताला कंप आहे, त्यांना तो गुळगुळीत पेला धरता येतो का? तुमच्या सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्या खोल सोफ्यातून त्यांना उठवतं कोण? की त्या आता बसतच नाहीत, आणि तुम्ही म्हणता, "आईंना उभं राहायलाच आवडतं"?

सुंदर वस्तू आणा, जरूर आणा, देवाच्याही अंगावर आपण दागिना घालतोच. पण घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याला आराम पडला असं समजू नका. आज घरी गेलात की त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "इथं तुला काय जड जातं?" ते म्हणेल, "काही नाही रे." तिथून उठू नका. पुन्हा विचारा.

चला, उभे राहा, देवाचं नाव घ्या. आणि शेजारच्या आजोबांना उठायला हात द्या आधी, मी थांबतो.